मोगरा, मरवा, कण्हेर

पाटी डोक्यावरून उतरवताना दोन्ही हात लावा. एका हातानं उतरवली तर कळ्या कडेला सरकतात, खालच्या दबतात आणि दबलेली कळी संध्याकाळी उमलत नाही. साल १९३०, मे महिन्याची ७ तारीख, बुधवार. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या फुलांच्या दुकानात आजपासून तुम्ही विक्रीला आहात. दुकान म्हणजे रूपाभवानीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून एक ओटा, पुढं लाकडी फळी, वर गोणपाटाचं छप्पर. मागं ओल्या वाळूत अर्धे पुरलेले दोन माठ आणि पत्र्याच्या डब्यांत लावलेली तुळशीची, मरव्याची, गावठी गुलाबाची रोपं. मालकिणीला सगळी पेठ आक्का म्हणते. तुम्हीही आक्काच म्हणा.

फुलं मळ्यांतून येतात. शहराच्या उत्तरेला एकरुखचा तलाव आहे, त्याच्या कालव्याखालच्या बागायतीत मोगरा, निशिगंध, तगर होते. एरवी सोलापूरची जमीन कोरडी, ज्वारीची. मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा इथं फूल पिकवणं म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलाचे आणि त्याच्या मागं चालणाऱ्या माणसाचे कष्ट असतात. आक्का मळेकऱ्याशी भावासाठी हुज्जत घालते, पण त्याला पाणी दिल्याशिवाय परत पाठवत नाही.

कळी उजाडायच्या आधी, मिटलेली असतानाच खुडलेली हवी. सकाळी ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवायची, दुपारपर्यंत गजरे बांधून टाकायचे आणि बाई संध्याकाळी तो माळेल तेव्हा कळी तिच्या केसांत उमलली पाहिजे. पाणी फडक्याला द्यायचं, कळीला नाही. कळीवर पाणी मारलं की पाकळीच्या कडा तांबूस पडतात आणि गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. दोरा केळीच्या सोपटाचा. रात्री भिजत घातलेला, नखानं चिरून बारीक केलेला. एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळा, दोन कळ्या इकडं, दोन तिकडं, देठाला देठ लावून दोऱ्याचा फास टाका आणि ओढा. जास्त ओढलं तर देठ तुटतो, कमी ओढलं तर माळेपर्यंत गजरा सुटतो. गजऱ्याला सुई लागत नाही, सुई हारासाठी. तुमची बोटं पहिल्या तासातच हिरवी होतात.

उजाडता उजाडता गिरणीचा भोंगा होतो आणि रस्ता माणसांनी भरतो. जुनी गिरणी १८७७ सालची, त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू. आतल्या गल्ल्यांतून हातमागांची खटखट अजून ऐकू येते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरं आहेत ती. फुलांना पहिलं गिऱ्हाईक याच घरांतून येतं, कारण तिकडच्या बायकांना फुलाशिवाय वेणी पुरी वाटत नाही. लांबी हातावर मोजतात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मराठी बाई एक हात मागते, कानडी अव्वा एक मोळ, तेलुगू अम्मा एक मूर. माप एकच. आक्काचा हात आखूड, तुमचा लांब, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून बायका म्हणू लागतील, ‘त्यांना मोजू द्या की आक्का.’

तोंडाला भाषा लावून घ्या. कानडीत ‘एष्टु बेकु’, तेलुगूत ‘एंत कावालि’, दखनीत ‘कित्ता होना’. हिशेब मात्र जिवावर येईल. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. दशमानाची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला अडखळतो. आक्का बोलता बोलता मोड मोजून देते.

फूल विकणाऱ्याला गावाचं पंचांग पाठ लागतं. सोमवारी बेल आणि तगर, मंगळवारी-शुक्रवारी देवीला तांबडी कण्हेर, शनिवारी मारुतीला रुईची माळ, गुरुवारी पिराला गुलाब. अक्षय्य तृतीया आठवड्यापूर्वीच झाली, बसवजयंतीही त्याच दिवशी. वैशाखातली लग्नं चालू आहेत, मुंडावळ्यांची बांधणी रात्री कंदिलाखाली होते. कुणाच्या घरी काय घडतंय ते दुकानाला आधी कळतं. पाच हात गजरा मागणारी बाई घरात पाहुणे आलेत हे न बोलता सांगते. घासाघीस न करता हार मागणाऱ्या पुरुषाला भाव सांगायचा नसतो, आक्का त्याला नुसतं ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणते.

पण या आठवड्यात पंचांग चालत नाही. ५ तारखेला गांधीजींना पकडलं आणि गाव पेटलंय. हरताळ आहे. कापडवाले, भांडीवाले, सराफ सगळ्यांनी फळ्या लावल्यात. त्यांचा माल आठवडाभर पडून राहिला तरी बिघडत नाही. तुमच्या समोर पाटीभर मोगरा आहे, आज रात्री तो उमलेल आणि उद्या सकाळी संपलेला असेल. १९३० च्या सोलापूरवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण ज्याचा माल सूर्याबरोबर मावळतो त्यानं हरताळ पाळायचा म्हणजे काय करायचं, हे कुणी विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मळेकऱ्यानं फूल खुडणं थांबवलं तर झाड कळी धरायचं थांबत नाही.

आक्कानं तिचा तोडगा काढलाय. पुढची फळी लावलेली, मागचं दार उघडं. देवाला आणि मयताला फूल मिळेल, पैसे ठेवायचे असतील तर ताटलीत ठेवा. केसांत माळायला मात्र आज गजरा नाही. नव्या लग्नाची एक पोरगी मागच्या दाराशी येऊन हळूच विचारते तेव्हा आक्का तिच्या हातात दोन सुट्या कळ्या देते आणि म्हणते, ‘घरात घालून बस, बाहेर मिरवू नको.’

दुपारी चार पोरं येतात, गिरणीतली असावीत, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. संध्याकाळच्या सभेला हार हवाय, झेंड्याच्या रंगांचा. तुम्ही आनंदानं उठता. रंग तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत. पाटीतून पिवळसर भगवा झेंडू निवडता, खाली मोगरा, त्याखाली मरवा, आणि सुई ओवता. आक्का तुमच्या हाताकडं बघत राहते.

‘काय करलालाव हे? आपल्या झेंड्यात भगवा कुठंय की?’

बरोबर आहे तिचं. चरख्याचा तो झेंडा १९३० साली वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा आहे. भगवा त्यात पुढच्या वर्षी यायचाय. झेंडू परत पाटीत जातो. वरच्या पदराला मोगरा, मधल्या पदराला मरव्याचे शेंडे, खालच्या पदराला तांबडी कण्हेर. मरवा नाजूक, त्याला मुठीनं धरायचं नाही, दोन बोटांत घेऊन देठाकडून ओवायचा. कण्हेरीचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, ती विषारी असते. हार तयार झाल्यावर पोरं पैसे काढतात. आक्का ताटली पुढं करत नाही.

गुरुवार, ८ मे. सोलापुरापासून समुद्र लांब, मीठ उचलून कायदा मोडायची इथं सोय नाही. शिंदीची झाडं मात्र आहेत. त्यांच्यापासून सरकारला दारूचा महसूल मिळतो आणि त्यातली बरीचशी रूपाभवानीच्या बाजूला उभी आहेत. तुमच्या ओट्यासमोरून माणसांचे लोंढे ती तोडायला तिकडं जातायत. कुऱ्हाडी, कोयते, झेंडे. तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही ते कुणालाही सांगू शकत नाही, कारण कोण ऐकणार? पोलीस येतील, धरपकड होईल, कलेक्टर नाइट जातीनं येईल, गोळी चालेल. शंकर शिवदारे नावाचा पोरगा झेंडा घेऊन पुढं असेल आणि तो सोलापूरचा पहिला हुतात्मा ठरेल. कालच्या चार पोरांपैकी कुणी त्या लोंढ्यात दिसतं का म्हणून तुम्ही पायाच्या टाचा उंचावून बघता. दिसत नाही.

मग आवाज येतात. आक्का तुम्हाला दंडाला धरून आत ओढते. पळणाऱ्या माणसांच्या धक्क्यानं तुळशीचे डबे आडवे होतात. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव चालून जातो, दोन पोलीस मारले जातात. न्यायालयाला आग लागते, धूर पेठेतूनही दिसतो. त्या रात्री मागचं दार बंद होत नाही. मोगरा संपतो, तगर संपते, मग आक्का रोपांवरची न उमललेली गुलाबं कात्रीनं कापून देते. कुठल्या घरचे, कुठल्या जातीचे, हे विचारायची वेळ नसते.

शुक्रवार उजाडतो तर रस्त्यावर पोलीस नाही. चौकाचौकात काँग्रेसचे स्वयंसेवक टांगे आणि बैलगाड्या मार्गाला लावतायत. शुक्रवार देवीचा वार. आक्का पुढची फळी उघडते. मला सोलापूरच्या त्या तीन-चार दिवसांबद्दल सगळ्यात जास्त अभिमान याचा वाटतो की सरकार नसताना मळेकऱ्याच्या पाट्या वेळेवर आल्या, बायका देवळात गेल्या. तुम्ही कण्हेरीच्या माळा देता, मोड देता, आणि आपण काही विशेष करतोय असं तुम्हाला वाटत नाही.

सोमवार, १२ मे. वैशाखी पौर्णिमा आणि लष्करी कायदा एकाच दिवशी येतात. चौकात सोल्जर उभे. गांधी टोपी घालायची नाही, झेंडा लावायचा नाही, सक्तमजुरीच्या शिक्षा ठोठावल्या जातायत. ओळखीची गिऱ्हाइकं बोडक्यानं किंवा रुमाल बांधून येतात, मान खाली घालून बेल घेतात आणि जातात. आक्का तुम्हाला पाट्यांची जागा बदलायला लावते. मोगरा एका टोकाला, कण्हेर दुसऱ्या टोकाला, मरवा माठामागं. तिन्ही शेजारी दिसू नयेत. विक्रीला त्यानं अडचण होते, प्रत्येक हाराला उठावं लागतं, पण महिना-दीड महिना तुम्ही तसंच उठता-बसता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वटपौर्णिमा येते. सोल्जरांच्या समोरून नऊवारीतल्या बायका ताट घेऊन वडाकडं जातात. ताटात सूत, आंबा, आणि तुमच्याकडची फुलं. त्या दिवशी एक बाई ओट्याशी उभी राहून मोगरा घेते, मग मरवा मागते, मग कण्हेर. तीन वेगळ्या पुड्या करा म्हणते. आक्का तिच्याकडं बघते आणि स्वतः उठून पुड्या बांधते, पळसाच्या पानात, घट्ट. लष्करी कायदा ३० जूनला उठतो. तोवर मोगऱ्याचा हंगाम सरलेला असतो.

जानेवारीत दुकान वेगळं दिसतं. शेवंती, झेंडू, थंडीनं टवटवीत राहणारा बेल. १३ तारखेला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज निघणार, ६८ लिंगांना तेल आणि हार. फुलवाल्याला वर्षातली सगळ्यात मोठी मागणी हीच. आदल्या दिवशी, सोमवारी, १२ जानेवारी १९३१ ला, तुम्ही पहाटेपासून शेवंती ओवताय आणि तुमचा हात चालत नाही, कारण तुम्हाला तारीख माहीत आहे. दीडशे मैलांवर येरवड्याला आज मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी होतेय, त्या दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. धनशेट्टींनी रूपाभवानीला चिडलेला जमाव आवरून कलेक्टरचा जीव वाचवला, असं गावातली जुनी माणसं सांगत आली आहेत.

बातमी आल्यावर माणसं पुन्हा मागच्या दाराशी येतात. फाशी गेलेले चौघे म्हणजे एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. फुलवाल्याला ही चार घरं वेगवेगळी ठाऊक असतात. एकाला बेल आणि तगर, एकाला तुळस, एकाला झेंडू, एकाला गुलाबांची चादर. पण आलेली माणसं वेगवेगळी मागत नाहीत. ज्याच्या तोंडी कानडी आहे तो गुलाब मागतो, दखनी बोलणारा बेल मागतो, चौघांसाठी सगळंच द्या म्हणतात. उद्याचे ६८ हार अर्धेही झालेले नाहीत. आक्का डोळे पुसून पदर खोचते, तुमच्या पुढ्यातली शेवंती बाजूला सारते आणि रिकामी परडी ठेवते.

‘गुलाब आधी घ्या. पाकळ्या त्याच्याच लवकर सुटतात. शेवंतीला रात्र पडलीय.’