न थांबलेला निरोप

आमच्या बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याची पाळी आली, की पाटकऱ्याला दोन कामे असतात : दार उघडायचे आणि वेळेवर लावायचे. पहिले काम सर्वांना दिसते. दुसरे चुकत गेले, की चांगले काळे रान चोपण होऊन बसते. जखम कशी भरते, याचा इतिहास वाचताना मला हेच सारखे आठवत होते. शास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. तरी मी या वाटेला गेलो, तो एका विद्यार्थ्यामुळे.

इंदापूरकडच्या एका लग्नात तो पंगतीला माझ्या शेजारी बसला होता. पोळी दुधात कुस्करून तो चमच्याने खाऊ लागला. "गुरुजी, तोंडच उघडत नाही," तो म्हणाला. दोन बोटेही आत जाईनात. शाळेत असताना मीच त्याला टपरीवर सुपारी आणायला पिटाळीत असे आणि बक्षीस म्हणून एक खांड त्याच्या हातावर ठेवीत असे.

या रोगाची नोंद 1952 साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांवरून केली. पुढच्याच वर्षी आपल्याकडील जोशी नावाच्या डॉक्टरांनी टाळ्याखालच्या या तंतुमय घट्टपणाला नाव दिले. 1966 मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सुश्रुताच्या 'विदारी'शी याचे नाते जोडणारेही आहेत. मला ते ओढून आणलेले वाटते.

पण तोंड आवळते कसे? त्याचे उत्तर जखमेत होते. 1971 मध्ये जिनिव्हाच्या गॅबियानी यांना भरत्या जखमेत स्नायूसारख्या आकसणाऱ्या पेशी आढळल्या. त्या जखमेच्या कडा जवळ ओढतात. त्यांना कामाला लावणारा निरोप म्हणजे 'टीजीएफ-बीटा' नावाचे प्रथिन. ते पेशीच्या दारावर बसते. आतले 'स्मॅड' नावाचे जासूद तो सांगावा थेट केंद्रकापर्यंत नेतात आणि पेशी कोलॅजेनचे धागे विणू लागते. जखम भरली, की निरोप थांबतो आणि त्या पेशी आपणहून मरतात. मला सर्वांत नवल याचे वाटले. काम संपल्यावर उठून जाणे माणसांनाही कुठे जमते!

सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडात हे दार लागतच नाही. सुपारीने तोंडाची आतली त्वचा रोज दुखावते, तिच्यातले अरेकोलिन पेशींना चिथावते, धागे विणले जातच राहतात. शिवाय तिच्यातले तांबे धाग्यांना परस्परांशी बांधणाऱ्या विकराला जोर देते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ दोरीसारखी होते. यातून काहींना पुढे कर्करोगही होतो.

2004 साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. साधी सुपारी मात्र पानाच्या तबकात जिथल्या तिथे आहे. माझा अडकित्ता मी माळ्यावर टाकला. त्याला फार उशीर झाला होता.

विद्यार्थ्याने सुपारी सोडली आहे. डॉक्टरांनी दातांमध्ये आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक सरकवून तोंड उघडण्याचा व्यायाम दिला आहे. विणलेले धागे सहजासहजी उसवत नाहीत. परवा बारामतीच्या स्टँडवर भेटला, तेव्हा लांबूनच एक बोट वर करून म्हणाला, "गुरुजी, एक काडी वाढली."