लांब माळा आधी खाली बसतात

आज जरा केमिस्ट्री, पण भांडणासकट.

‘सेल्युलोज’ हा शब्द शाळेत ऐकून आपण विसरलेलो असतो. कापूस, कागद, रेयॉनची कुर्ती, सगळं तेच. ग्लुकोजचे मणी एकाला एक जोडून झालेली माळ. कापसाच्या एका माळेत हजारो मणी, रेयॉनमध्ये काहीशेच. आता या माळा लांबीप्रमाणे वेगळ्या करायच्या म्हटलं तर कशा करणार? एवढी बारीक चाळणी कुठून आणायची?

पहिली ढोबळ युक्ती इंग्लंडच्या क्रॉस आणि बेव्हन या जोडीची. १८९२ मध्ये व्हिस्कोज, म्हणजे आपल्या रेयॉनचं पेटंट घेणाऱ्यांतले हे दोघे. लाकडाचा लगदा साडेसतरा टक्के कॉस्टिक सोड्यात टाकायचा. लांब माळा विरघळत नाहीत, ते अल्फा सेल्युलोज. विरघळलेल्यात आम्ल घातलं की मधल्या लांबीच्या खाली बसतात, ते बीटा. तरीही पाण्यात राहतं ते गॅमा. तीन ढीग, काम झालं. कारखान्याला तेवढं पुरतं.

पण खरं भांडण वेगळंच होतं. माळा असतात तरी का? १९२० मध्ये हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की रबरासारखे पदार्थ म्हणजे हजारो अणूंचे प्रचंड लांब रेणू आहेत. बहुतेक मोठी मंडळी म्हणाली, छे! छोटे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत, बस. पुढे नोबेल मिळवणारे हाइनरिश विलांड तर त्यांना मित्रत्वाने सांगत होते, की हे मोठ्या रेणूंचं खूळ सोड. श्टाउडिंगरनी सोडलं नाही. माणूस हट्टी होता, आणि इथे हट्ट कामाला आला.

आता लांबीची बारीक वाटणी बघा. सेल्युलोज साध्या द्रावकात विरघळत नाही. पण नायट्रिक आम्लाने त्याचं नायट्रेट केलं की ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. (हेच १८४६ चं शोनबाइनचं गनकॉटन. स्फोटक आहे, घरी प्रयोग नको!) त्या स्वच्छ द्रावणात थेंब थेंब पाणी सोडायचं. एका क्षणी ते गढूळ होतं आणि दोन थर पडतात: खाली घट्ट, वर पातळ. खालच्या थरात सगळ्यात लांब माळा जास्त. तो काढून घ्यायचा, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा थर. असं करत करत लांबीप्रमाणे दहा-बारा वाटे पडतात.

लांब आधी का? पाणी मिसळलं की प्रत्येक मण्याला त्या द्रावणात थोडं नकोसं होतं. दहा मण्यांची नाराजी किरकोळ, त्यामुळे छोटी माळ मोकळी फिरत राहते. हजार मण्यांची नाराजी बेरीज होऊन जड पडते. वाटणी चोख मात्र कधीच होत नाही. लांबड्यांबरोबर काही बुटके खाली ओढले जातातच, म्हणून तोच वाटा पुन्हा विरघळवून पुन्हा वेगळा करायचा. तापमान जरा हललं तरी सगळं बिघडतं. धीराचं काम!

असे वेगवेगळ्या लांबीचे नमुने हाताशी असल्यावर श्टाउडिंगरनी मला फार आवडणारी चाल केली. सेल्युलोजचं ॲसिटेट केलं, मग त्याचं परत सेल्युलोज केलं, आणि द्रावणाच्या दाटपणावरून मणी मोजले. संख्या जवळपास तीच! नुसते चिकटलेले गठ्ठे असते, तर रासायनिक कपडे बदलून, द्रावक बदलून गठ्ठ्याचा आकार तसाच कसा राहिला असता?

त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं हं. माळा काठीसारख्या ताठ असतात असं ते धरून चालले होते. त्या वळतात, गुंडाळतात. थर का पडतात याचं गणित १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्लोरी आणि हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलं. श्टाउडिंगरना नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. फ्लोरींना १९७४ मध्ये.

१९६४ नंतर सच्छिद्र कणांनी भरलेल्या नळीतून द्रावण सोडून लांबी मोजायची पद्धत आली आणि थेंब थेंब पाणी घालणं मागे पडलं. पण रेयॉनसाठी लगदा घेताना आजही विचारतात, अल्फा किती टक्के? आणि त्या चाचणीतला कॉस्टिक सोडा अजूनही साडेसतरा टक्केच असतो.