'रिव्हिजनिझम' आणि आपला इतिहास

'रिव्हिजनिझम' हा शब्द तुम्ही भाषणांतून ऐकला असेल, आणि बहुधा शिवी म्हणूनच. हिंदीत त्याला 'संशोधनवाद' म्हणतात. यात एक गंमत आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे संशोधन म्हणजे शोध. इतिहासाला दोन्ही हवेत. मात्र शोध आधी, दुरुस्ती मागाहून.

शिवीचा अर्थ राजकारणातून आला. बर्नस्टाईन या जर्मन समाजवाद्याने १८९९ साली मार्क्सच्या भाकितांची फेरतपासणी केली, तेव्हापासून पक्षाची पोथी बदलू पाहणारा तो 'रिव्हिजनिस्ट'. इतिहासकाराच्या लेखी शब्दाचा अर्थ निराळा.

उदाहरण आपल्याच मुलखातले घ्या. संभाजीराजे व्यसनी आणि बेजबाबदार होते, हे चित्र नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या रंगले. त्याचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणिसाची बखर. ती राजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. शिवाय बखरकार ज्या बाळाजी आवजींच्या वंशातला, त्यांना १६८१ मध्ये संभाजीराजांनीच देहदंड दिला होता. घरची जखम लेखणीत उतरली नसेल काय? वा. सी. बेंद्रे यांनी बखरीवर न विसंबता अस्सल कागद धुंडाळले. त्यात सुमारे चाळीस वर्षे गेली. १९६० साली त्यांचा ग्रंथ आला, पुढे १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा. अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा, संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा लोकांना दिसला तो त्यामुळे.

याच नावाखाली खोटा मालही खपवला जातो. हिटलरने लाखो ज्यूंची कत्तल केलीच नाही म्हणणारेही स्वतःला रिव्हिजनिस्ट म्हणवतात. नवा कागद त्यांच्यापाशी नसतो. असलेला ते झाकतात.

आता आपल्या घरचे. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने संभाजीराजांना हाल करून ठार मारले गेले. वर्गात हा धडा आला की आपले मूल खाली मान घालते, आणि घरी एखादा वडीलधारा त्याला सांगतो, "असे काही झालेच नाही." ते झाले. फारसी तवारिखांतही ते नोंदलेले आहे. मुलाला ते वाचू द्या. शिवछत्रपतींच्या आरमारावर दौलतखान होता, हेही त्याला सांगा. मात्र आग्र्याच्या मदारी मेहतराची गोष्ट सांगताना, "ही कोणत्या समकालीन कागदात आहे?" असे त्याने विचारले, तर रागावू नका. एखाद्या दिवशी त्याला कळंब्याहून कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात घेऊन जा. जुना कागद कसा असतो, त्यावरची मोडी कशी दिसते, ते त्याला एकदा पाहू द्या.