फलक लावायचाच असेल तर दगड वाचणाऱ्याचा लावा

भीमा-कोरेगाव हे गाव शिरूर तालुक्यात, आणि विजयस्तंभ नदीपलीकडे पेरणे फाट्याजवळ, हवेली तालुक्यात. दरवर्षी १ जानेवारीला शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांमधून लोक गाड्या भरून तिथे येतात, मानवंदना देतात, फोटो काढतात. पण स्तंभावर काय कोरले आहे ते थांबून वाचणारे थोडेच.

तिथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मारल्या गेलेल्या कंपनीच्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यातली २२ नावे 'नाक' या शब्दाने संपतात, म्हणजे महारांची. उरलेल्यांत मराठा, राजपूत, मुसलमान आणि ज्यूही आहेत. व्यासपीठावरून '५०० महार' म्हणणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हे लक्षात घ्यावे. पेशवाईच्या राज्यात ज्यांना माणूस मानले जात नव्हते, त्यांची नावे सरकारी दगडावर आली हेच मोठे आहे. आकडा फुगवला की विरोधकाला आयते हत्यार मिळते.

हा दगड कामाला लावला तो पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी. १८७५ चा जन्म, मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी, विद्यापीठाशी संबंध नाही. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. त्याआधी १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. 'लढाऊ जाती'च्या नव्या सिद्धांतात आपले लोक बसत नव्हते. ज्या सरकारने नावे कोरली त्याच सरकारने दार लावले. १९१० साली दख्खनी महारांच्या वतीने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला तेव्हा कांबळे यांनी कोरेगावचा पुरावा पुढे केला: तुमच्याच दगडावर आमच्या पूर्वजांची नावे आहेत, आता आम्ही अपात्र कसे?

आपल्याला इंग्रजधार्जिणे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे, की साहेबाचाच दगड साहेबाविरुद्ध साक्षीला उभा करणे ही साहेबाची स्तुती नव्हे.

त्याच १९१० साली, त्याच पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी दप्तरे गोळा केली, ते काम मोठेच आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण मंडळात बसून कागद वाचणारा इतिहासकार ठरतो, आणि नोकरी सांभाळून दगडाचा अर्थ लावणारा फक्त 'समाजसेवक' ठरतो. ही वाटणी कोणी केली? ज्ञानाच्या क्षेत्रातली जात ती हीच. आम्ही कांबळे यांना आपल्या भागाचे इतिहासकार मानतो. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला आले ते कांबळे यांनी भरवलेल्या सभेसाठी. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. कांबळे यांचे संक्षिप्त चरित्र १९३० साली ह. ना. नवलकरांनी लिहून ठेवले, म्हणून तर आज हे धागे हाती आहेत.

तेव्हा शिरूर आणि दौंडच्या विहारांमध्ये कांबळे यांच्या स्मरणार्थ फलक लावावा, अशी आमची मागणी आहे. मात्र एक अट. वढू बुद्रुक याच शिरूर तालुक्यात आहे. तिथे डिसेंबर २०१७ मध्ये गोविंद गोपाळ यांच्याविषयीच्या फलकावरून वाद पेटला, फलक काढला गेला, समाधीची मोडतोड झाली आणि चारच दिवसांत कोरेगावला दगडफेक व जाळपोळ झाली. मोडतोड करणाऱ्यांचा निषेध आहेच, त्यांना सूट नाही. पण त्यातून आपणही शिकायचे ते हे, की फलकावरचा प्रत्येक शब्द कागदाच्या आधाराने उभा राहिला पाहिजे आणि तो कागद फलकाशेजारीच मिळाला पाहिजे.

म्हणून मजकूर लांबलचक नको. नाव, जन्मसाल, 'सोमवंशीय मित्र', १९१० चा अर्ज, १९२७ ची सभा, एवढे पुरे. 'थोर', 'महान' अशी विशेषणे नकोत. फलकाखाली एक कपाट ठेवावे. त्यात अर्जाची प्रत आणि नवलकरांचे चरित्र असावे, आणि एक कोरी वही. दौंड, शिरूर, पाटस, तळेगाव ढमढेरे, जिथे जिथे कुणाच्या घरात पणजोबांच्या पलटणीचा कागद, पेन्शनचे पुस्तक किंवा वतनाची सनद पडून आहे, त्यांनी आणावी, तिची नक्कल करावी, मूळ परत न्यावे. वहीत कागद आणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहावी.