छपाईच्या चाळणीची कुळकथा

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि आपल्या मंडळात कापडी पिशव्या शिवून त्यांवर छाप मारण्याचे काम सुरू झाले, हे भगिनींना ठाऊक आहेच. छापणे बघायला सगळ्याजणी येतात. मागच्या मोरीवर स्क्रीन धुणारीकडे मात्र कोणी फिरकत नाही. माझी जागा त्या मोरीवर. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण हात ओले असले तरी डोके मोकळे असते. ही जाळी आली कोठून, आणि हिच्या धुण्याचा एवढा बाऊ का, हे मी मुलीकडून पुस्तके वाचवून घेऊन समजून घेतले.

या छपाईचे एक जुने माहेर जपान. तेथे आजच्या सुझुका शहरातील शिरोको भागात कापड छापण्याचे कागदी साचे कोरीत. कागदाचे दोन-तीन थर एकमेकांना चिकटवायचे, तेही एका तुरट फळाच्या रसाने. हे फळ आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातले. त्या रसामुळे कागद पाण्याला दाद देत नाही. मला तर वाटते, तो कागद छापण्यासाठी जितका, तितकाच धुण्यासाठी केलेला होता. कारण त्यावरून ओढायची ती तांदळाची खळ. खळ लागेल तेथे रंग चढत नाही, म्हणून नक्षी पांढरी राही. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या दरम्यान, खळीतच रंग कालवून छापू लागले. खळ वाळली की बारीक भोके बुजत. पण भिजत घातली की फुगून सुटे. पातेल्याच्या बुडाला लागलेला भात आपण रात्रभर भिजवतो, तसेच हे. क्योतोत तर कापडावरची खळ काढायला लांबच लांब ताग्यांचे धुणे नदीत चाले. पाणी दूषित होते म्हणून पुढे ते बंद पडले.

साच्याची एक अडचण रांगोळीच्या छापावरून कळेल. बांगडी कोरली की मधला गोल गळून पडतो. जपानी कारागीर तो रेशमी धाग्यांनी तोलून धरीत. मग चार धागे कशाला, सबंध रेशमी जाळीच का नको? १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने रेशमी जाळीवरून छापण्याचे पेटंट घेतले. या कामी वापरीत ते रेशीम मुळात गिरण्यांत मैदा चाळण्यासाठी विणलेले! म्हणून मी तिला चाळणीच म्हणते. त्या काळी रंग बहुधा तेलाचे. धुणे टर्पेंटाईन किंवा घासलेटाने. दुसऱ्या महायुद्धानंतर रेशीम जाऊन नायलॉन आणि पॉलिएस्टर आले.

आपला रंग पाण्याचा, म्हणून पुष्कळजणींना वाटते की तो केव्हाही पाण्याने निघेल. तसे नाही. त्यात चिकट पदार्थाचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा होतो, आणि तो साध्या पाण्यात पुन्हा विरघळत नाही. याच गुणामुळे पिशवी चार वेळा धुतली तरी फूल जात नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देते, तेच आमच्या जाळीत अडकून बसते!

म्हणून मे महिन्यातल्या दुपारी मी छापणारीला चहालाही आधी सोडीत नाही. उरलेला रंग पुठ्ठ्याने डब्यात, मग थंड पाणी आणि मऊ स्पंज, जाळीच्या दोन्ही अंगांनी. गरम पाणी नको. रंग आणखी धरतो. वाळलाच तर साबणाचे ओले फडके वर ठेवून वाट पाहावी, मग मऊ ब्रश. तारेची घासणी किंवा सुरी कदापि नाही. रंग ओढण्याच्या रबरी पट्टीची धारही खरवडू नये. तिला खाच पडली की प्रत्येक पिशवीवर रेघ उमटते. डाग काढायचे ब्लीच तर दूरच ठेवावे, नक्षीचा थरच सुटून येतो.

एक गोष्ट चिटणीसबाईंच्या कानावर घालते. आपल्याकडे मजुरी छापलेल्या पिशवीवर मिळते, धुण्याचा तास कोणाच्याच हिशेबात नाही. येत्या सभेत तो वहीत धरावा, अशी सूचना मी मांडणार आहे. आणि मोरीचे रंगीत पाणी सरळ गटारात न सोडता आधी बादलीत निवळू द्यावे, खालचा गाळ वेगळा काढावा, हीही.