एक सुटा प्लग

मोरजीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या झावळांच्या मांडवाखाली विसावतात. मालक स्वतःच भेगा भरतो, तेल चोळतो, इंजिन उघडून बसतो. आमच्या काकांचेही तसेच. एका वर्षी इंजिन कुरकुरत होते. ‘उद्या बघू’ म्हणत त्यांनी होडी लोटली आणि शापोऱ्याच्या मुखाशी ते बंद पडले. शेजारची होडी धावून आली म्हणून निभावले. ५ जानेवारी २०२३ पासून आमच्याच पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमाने उडू लागली. त्यांची घरघर ऐकली की काकांचे ते ‘उद्या बघू’ आठवते. आकाशात शेजारची होडी नसते.

खाजगी विमान कोणी सांभाळावे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. जे. आर. डी. टाटांना १९२९ साली वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. टाटा कराचीहून निघाले, तर ॲस्पी इंजिनियर हा तरुण लंडनहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी एका स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा सुटा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला. बक्षीस ॲस्पींनी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

गोष्ट दिलदारीची खरीच. पण मला तिच्यात दुसरेही काही दिसते. त्या काळी वैमानिकच वाटेत कारागीरही होई, आणि अख्खा प्रवास एका प्लगवर अडे.

विमाने गुंतागुंतीची झाली तसे हे काम जाणकारांकडे गेले. १९५१ साली मुंबईत एअर वर्क्स ही विमानदुरुस्तीची कंपनी निघाली. आज दुरुस्ती करणारे वेगळे आणि देखभालीचा हिशेब ठेवणारे वेगळे. मालक करार करून हा हिशेब मान्यताप्राप्त संस्थेकडे सोपवू शकतो. विमान किती तास उडाले, किती वेळा उतरले, कोणत्या भागाचे आयुष्य सरत आले, निर्मात्याने आणि सरकारी विमान खात्याने कोणत्या नव्या सूचना काढल्या, हे सारे ती संस्था पाहते. मुदत भरली की काम मान्यताप्राप्त कारखान्यातून करवून घेते आणि कागद जपून ठेवते. काम झाल्यावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. त्या सहीवाचून विमान उडत नाही, मालक कितीही घाईत असो.

म्हणजे मालक सुटला असे मात्र नाही. उड्डाणाचे तास प्रामाणिकपणे कळवणे, लक्षात आलेला दोष न लपवणे आणि ठरल्या दिवशी विमान हवाली करणे त्याच्याकडेच राहते. यात पैसा जातो. पण ज्याला निघायची घाई आहे, त्यानेच ‘चालेल’ म्हणू नये, हे शहाणपण त्या पैशात मिळते.

काकांचा मुलगा आता इंजिनाचे तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. आकडा भरला की मेकॅनिकला बोलावतो. त्या दिवशी मासळी कितीही लागलेली असो, होडी वाळूवरच राहते.