घरमालक घरात आहेत का?



शाळांना सुट्टी लागायचे दिवस जवळ आले, की आपल्या मंडळींत दोन प्रश्न हमखास निघतात. सहा आठवडे भारतात जायचे, तर इथले घर कोणाच्या भरवशावर सोडायचे? आणि पुण्या-ठाण्याचा तो कुलूपबंद फ्लॅट, त्याचे काय करायचे? कोणी म्हणते, थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्या, विमानाचे एक तिकीट तरी सुटेल. कोणी म्हणते, चुकूनही देऊ नका, घर हातचे जाईल. दोन्ही बोलण्यांमागे कोणाचा तरी अनुभव असतो. मात्र तो कोणत्या सालातला, हे सहसा सांगितले जात नाही. आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे, कायद्याचे नव्हे. पण या भीतीचा इतिहास चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. थोड्या मुदतीसाठी घर देण्याच्या बाबतीत मुंबईत काय आणि न्यूयॉर्कमध्ये काय, कायद्याने पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारला आहे : घरमालक स्वतः घरात आहेत का?

परक्याला घरात उतरवून घेणे आपल्याकडे जुनेच आहे. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे यात्रेकरू उपाध्यांच्या घरी उतरत, जेवत आणि दक्षिणा देऊन पुढे जात. घरची माणसे घरातच असल्यामुळे पाहुणा उठणार कधी, हा प्रश्न पडत नसे. तो पडला मुंबईत, आणि महायुद्धांमुळे पडला.

पहिल्या महायुद्धात मुंबईची भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले आणि अखेर १९४७ चा प्रसिद्ध 'बॉम्बे रेंट ॲक्ट' झाला. त्याचे पूर्ण नाव वाचण्यासारखे आहे : मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण कायदा. म्हणजे रात्रीपुरते उतरणाऱ्याचीही त्यात दखल होती. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाडेकरूला काढणे फार अवघड झाले. गिरणगावातल्या कामगाराला, गिरगावातल्या कारकुनाला या कायद्याने डोक्यावर छप्पर दिले, हे विसरून चालणार नाही. आपल्यापैकी कितीजण अशाच चाळींतून शिकून इथवर आले! पण त्याच कायद्यामुळे पागडी फोफावली, आणि मोकळी खोली भाड्याने देण्याची मालकांना धास्ती बसली.

मग पळवाट निघाली, 'लीव्ह अँड लायसन्स'. १८८२ च्या ईझमेंट कायद्यात 'लायसन्स' म्हणजे नुसती वापरण्याची परवानगी. तिने जागेत हक्क निर्माण होत नाही. तेव्हा भाडेकरार करायचाच नाही, परवानगी द्यायची! तीही अकरा महिन्यांची. हा अकराचा आकडा पंचांगातला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षागणिक चालणारा किंवा वर्षाहून लांब मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून एक महिना कापला. तो खर्च वाचवण्याचा हिशोब पुढे इतका अंगवळणी पडला, की आजही अकरा महिने हा जणू निसर्गनियम वाटतो.

कागदावर परवानगी लिहिली म्हणून ती परवानगी होतेच असे नाही, हे १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलात केस कापण्याचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचा तो खटला होता. करारात लायसन्स म्हटले होते. न्यायालयाने म्हटले, नाव पाहू नका, जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे आहे ते पाहा, हा भाडेपट्टाच आहे. बाटलीवरची चिठ्ठी न वाचता आतला द्रव तपासण्याची ही पद्धत आमच्या प्रयोगशाळेत चांगलीच ओळखीची आहे.

आणि मग आले १९७३. राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू लायसन्सवर जागेत राहत होता, तो भाडेकरू मानला जाईल! सरकारची बाजूही समजण्यासारखी होती, कारण अकरा-अकरा महिन्यांच्या कागदांवर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना कोणतेच संरक्षण नव्हते. पण ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती, त्यांच्या हातून ती एका तारखेने गेली. आपल्या आईवडिलांच्या पिढीने 'घर कुजले तरी चालेल, पण द्यायचे नाही' असा जो धडा घेतला, त्याचे मूळ बहुतांशी इथे आहे. त्या दुरुस्तीतही एक बारकावा होता, तो मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. पेइंग गेस्ट आणि मालकाच्या नोकरीतला माणूस यांना त्यातून वगळले होते. पेइंग गेस्ट म्हणजे, मालक ज्या घरात राहतो त्याच घराचा काही भाग वापरणारा. मालक घरात असेल, तर कायदा पाहुण्याला पाहुणाच मानत होता.

ती परिस्थिती आता राहिलेली नाही, आणि हे आम्हाला ठासून सांगायचे आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली, की जागा परत द्यावी लागते. न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद असेल, ते तिथे निर्णायक पुरावा धरले जाते. अट एकच, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असला, तरी त्यातून सुटका नाही. नोंदणी न करता नात्यातल्या कोणाला तरी 'राहा रे काही दिवस' म्हणणारा मालकच अडचणीत येतो, कारण वाद झाला की अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते.

आता इकडे अमेरिकेत येऊ. मोटारी वाढल्या तशी रस्त्याकाठच्या घरांवर 'टूरिस्ट होम'च्या पाट्या लागल्या. बाईसाहेब मागच्या खोलीत राहत आणि पुढची खोली वाटसरूला देत. कृष्णवर्णीय प्रवाशांना तर या घरांवाचून गत्यंतर नव्हते, कारण कित्येक हॉटेलांत त्यांना प्रवेशच नव्हता. हार्लेमचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून 'ग्रीन बुक' काढले. त्यात सुरक्षित हॉटेलांबरोबर अशा खाजगी घरांचे पत्तेही असत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेदभाव बंद केला, मात्र मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाचपेक्षा जास्त खोल्या भाड्याने न देणाऱ्या घरांना सूट दिली. ही सूट न्याय्य होती असे आम्हाला वाटत नाही. पण प्रश्न पाहा, पुन्हा तोच.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका डिझाइन परिषदेच्या वेळी हॉटेले भरली होती, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या घरात हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. त्यातून 'एअरबीएनबी' निघाली. त्या तिघांत ॲरिझोनात शिकणारा, मराठी आडनावाचा एक तरुण होता, हे वाचून आम्हाला उगाचच आनंद झाला. तेव्हा यजमान घरातच होते. धंदा वाढला तसे यजमान घरातून गेले आणि किल्लीची पेटी दारावर आली. रोज नवी बॅग ओढत येणारी माणसे जिन्यात दिसू लागली, शेजारी वैतागले आणि कायमच्या राहणाऱ्यांना घरे मिळेनात. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये अनेक कुटुंबांच्या इमारतींत तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी पूर्ण घर देण्यास मनाई केली. पुढे शहराने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीच्या सक्तीची अंमलबजावणी सुरू केली. अल्पमुदतीला पाहुणे ठेवायचे तर दोनच, आणि यजमानाने घरात राहायचे.

मग आपण काय करावे? इथल्या करकायद्यात एक गोड तरतूद आहे. वर्षात पंधरा दिवसांपेक्षा कमी काळ राहते घर भाड्याने दिले, तर त्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. जॉर्जियातील ऑगस्टा गावच्या गोल्फ स्पर्धेमुळे ती ओळखली जाते, कारण तिथले लोक स्पर्धेच्या आठवड्यात घरे देतात. मोह होतो खरा. पण पंधरवड्याच्या भाड्यापायी आपला देव्हारा, लोणच्याच्या बरण्या आणि मुलांची कपाटे अनोळखी माणसांवर सोडायची, तीही आपण बारा हजार किलोमीटर दूर असताना, हा सौदा आम्हाला महाग वाटतो. शिवाय नेहमीच्या विम्यात असे भाडे बसते की नाही, ते आधी विचारावे लागते.

त्यापेक्षा घर राखायला माणूस ठेवणे बरे. कोणी विद्यार्थी किंवा नव्याने आलेले जोडपे मिळाले, तर त्यांनाही आधार होतो. डिसेंबरात जाणाऱ्यांना तर हे फारच उपयोगाचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि तेवढ्याने नळ फुटतो. घर गरम ठेवण्याची किंवा पाणी बंद करून नळ रिकामे करण्याची वाजवी काळजी घेतली नसेल, तर अशी भरपाई नाकारणाऱ्या विम्याच्या पॉलिसी सर्रास असतात. घर राखणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत आणि येण्या-जाण्याच्या तारखा लिहून द्याव्यात. तिऱ्हाईत राहणार असल्याचे विमा कंपनीला कळवावे.

नात्यातल्या माणसाकडे घर सोपवायचे असेल, तरीही लिहून ठेवावे. गोव्यातल्या एका बहिणीने नवऱ्याच्या बदल्यांमुळे आपले घर भावाकडे सांभाळायला दिले. वर्षे लोटली आणि भाऊ ताबा सोडीना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ साली निकाल बहिणीच्या बाजूने लागला : राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षे राहिला, तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही. कायदा स्पष्ट झाला, पण बहीण-भावाच्या नात्याची किंमत मोजून.

पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटबाबत आमचे मत असे, की रोजच्या भाड्याच्या नादी लागू नये, पण कुलूपही ठेवू नये. नोंदवलेल्या लायसन्सवर एक-दोन वर्षांसाठी एखादे कुटुंब ठेवावे. सोसायटीला आधी कळवावे. सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. भाड्यातून तिकडे कर कापला जातो आणि इथल्या विवरणपत्रातही ते उत्पन्न दाखवावे लागते.

या सुट्टीत ज्यांना घर राखायला कोणी हवे आहे, आणि ज्यांना अशी जागा काही आठवडे उपयोगी पडेल, त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपल्या तारखा द्याव्यात. वही चहाच्या टेबलावर ठेवलेली असेल.